सर्व श्रमिकांसाठी

फादर फेलिक्सनी माझ्या कागदावरची एकच ओळ खोडली, तीही पट्टी लावून. पट्टी लावून खोडणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला. रागानं खोडलं असतं तर बरं वाटलं असतं, रागात निदान समोरच्याची दखल तरी असते. ह्यांनी ड्रॉवरमधून स्टीलची पट्टी काढली, ओळीच्या बरोबर मधून लाल रेघ ओढली आणि वर बारीक, सुंदर अक्षरात लिहिलं, 'जगातील सर्व श्रमिकांसाठी'. मग कागद माझ्याकडं सरकवून म्हणाले, "बाकी छान झालंय, आश्रुबा. भाषा तुमची नेहमीच चांगली असते." बाहेर मांडववाले खांब रोवत होते. उद्या एक मे, श्रमिक संत योसेफाचा सण, आमच्या चर्चचा वर्षातला मोठा दिवस. मी कागद घेतला, मान डोलावली आणि व्हरांड्यात आलो. तिथं आल्यावर कळलं की मान डोलव असं मला कुणी सांगितलं नव्हतं. ती आपली आपणच डोलली. बावीस वर्षं मिशनच्या ऑफिसात कारकुनी केलेली मान, तिला काय शिकवायचं राहिलंय.

खोडलेली ओळ अशी होती: 'अंगात ताप असताना ऊसतोडीच्या फडात मोळी वाहायला लावल्यानं मेलेल्या आपल्या माया हिच्यासाठी, आणि तिला दवाखान्यात जाऊ न देणाऱ्याला पश्चात्ताप व्हावा म्हणून, आपण प्रार्थना करू या.' ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगतो. आमच्या मिस्सात, म्हणजे चर्चच्या मुख्य उपासनेत, प्रवचन झालं की लोकांतला एक जण उठून माईकवर जातो आणि मंडळीच्या वतीनं चार-पाच मागण्या वाचतो. प्रत्येक मागणीनंतर सगळे एका सुरात म्हणतात, 'हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक.' त्या मागण्या लिहायचं आणि वाचायचं काम माझ्याकडं. सातवी नापास माणसाला हे काम मिळालं ते अक्षर बरं आणि आवाज खणखणीत म्हणून. माझं सगळं शिकणं मिस्साच्या पुस्तकातून आणि किराणाच्या पुड्यांच्या कागदातून झालं. दर रविवारी पोपसाठी, बिशपांसाठी, आजाऱ्यांसाठी, मेलेल्यांसाठी, आणि राज्यकर्त्यांना सुबुद्धी मिळावी म्हणून. बावीस वर्षं राज्यकर्त्यांना सुबुद्धी मागतोय. एवढ्या दिवसांत देवानं धरणाच्या भिंतीलाही सुबुद्धी दिली असती. पण मी लिहीत राहिलो, कारण ते लिहायला काही लागत नाही. जगात शांती नांदो. बरं, नांदो. कुणाचं काय जातं? जगाला शांती मागणारा माणूस शेजारच्या घरात चाललेल्या मारहाणीचा आवाज ऐकत पोटभर जेवू शकतो. मी जेवलोय.

फादर वाईट नाहीत, हीच अडचण आहे. वाईट असते तर शिवी घालून मोकळा झालो असतो. वसईकडचे, वय पस्तीस, गळा असा की स्तोत्र लावलं की सतरंजीवरच्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं. आल्या आल्या त्यांनी प्लॅस्टिकची फुलं काढून टाकली, वेदीवरचं कापड ते स्वतः इस्त्री करतात, धूपदाणीतला निखारा किती लाल असावा हेही त्यांना कळतं. पहिल्यांदा त्यांनी पवित्र भाकर उचलून धरली तेव्हा चर्चमध्ये अशी शांतता झाली की बाहेरच्या कालव्याचं पाणी ऐकू आलं. माझ्या अंगावर काटा आला होता, खोटं का बोलू. ओळ का खोडली म्हणून विचारलं तेव्हाही ते शांतच होते. म्हणाले, "मिस्सा म्हणजे पोलीस ठाणं नव्हे, आश्रुबा. प्रार्थना सर्वांना कवेत घेणारी हवी, कुणाकडं बोट दाखवणारी नको. उपासना आणि न्याय, दोन्हींचा तोल सांभाळावा लागतो. जूनमध्ये आपण श्रमिकांच्या हक्कांवर एक शिबिर घेऊ." मला ते शिबिर आत्ताच दिसलं. फ्लेक्स, हार, नारळाऐवजी मेणबत्ती, पोहे, बीडहून आलेला एक वकील, आणि शेवटी आभार ऊसतोडीला टोळी नेणाऱ्या माणिकराव मुकादमांचे, त्यांनी खुर्च्या दिल्या म्हणून. तोल म्हणे. आमच्याकडं तराजू वापरणारा प्रत्येक माणूस तोलाबद्दल असंच बोलतो, आणि आडतीवर माल घेऊन गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतं की काटा कुठं दाबलाय.

आणि त्यांचंच पुस्तक मी त्यांच्यापेक्षा जास्त वेळा वाचलंय. त्यात साफ लिहिलंय की ह्या मागण्या गांजलेल्यांसाठी आणि आपल्या गावच्या मंडळीसाठीसुद्धा असाव्यात. म्हणजे ज्यांनी ही उपासना बांधली त्यांनी मधोमध एक दार ठेवलं होतं, बाहेरची धूळ आत यावी म्हणून. आम्ही त्या दाराला पडदा लावला आणि पडद्यावर वेलबुट्टी काढली. वेलबुट्टी काढणारा कोण? मीच की. भाषा माझी नेहमीच चांगली असते.

दगडाबाई मागच्या सोमवारी ऑफिसच्या पायरीवर येऊन बसली होती. मायाची आई. मायलेकी मिळून एक कोयता, म्हणजे तोडीला जाणारी जोडी, माणिकरावाच्याच टोळीत, कृष्णाकाठच्या कुठल्याशा कारखान्यावर. मायाला नवऱ्यानं टाकलेलं, वय तेवीस. जानेवारीत तीन दिवस तिच्या अंगात ताप होता. दगडाबाई मुकादमाच्या पाया पडली. तो म्हणाला, दवाखान्यात गेलीस तर खाडा पडंल, गाडी भरू दे, मंग जा. चौथ्या दिवशी डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढताना माया खाली आली. मोळीसकट. हे सगळं दगडाबाईनं मला न रडता सांगितलं, पदरानं पायरी पुसत, जणू पायरी घाण झाली होती तिच्या बसण्यानं.

"ठाण्यात गेलते," ती म्हणाली. "त्यांनी इचारलं, कागुद कुटाय? मी म्हनलं, चर्चमदी हाय. तितला कागुद नेला तर त्यात आजार लिवलाय म्हनं. लांबचा आजार."

"दीर्घ आजार," मी म्हणालो. दुरुस्त केलं मी तिला. जीभ झडली नाही माझी.

"तूच लिवलास न्हवं?"

मीच लिहिलं होतं. मायाला पिकअपमधून आणली, चादरीत बांधलेली, कारखान्याकडचा रस्ता लांबचा, फादर दफनासाठी ताटकळत उभे. मी मृत्यूचं रजिस्टर उघडलं आणि विचारलं, कारण? दगडाबाई मुलीच्या तोंडावरची चादर नीट करत होती. माणिकराव माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाला, "लिही बे, दीर्घ आजार. जल्मल्यापासून सगळ्यांनाच आस्तो त्यो." आणि हसला. मीही हसलो असेन थोडा. आम्ही एकाच बोर्डिंगात वाढलो, एकाच ताटात जेवलो, त्याच्या विनोदाला हसायची माझी जुनी खोड. मग मी लिहिलं, वेलांटी दीर्घ, रफार नेमका जागेवर, एवढं सुंदर की त्या पानाची फ्रेम करून भिंतीला लावावी. खाली दगडाबाईचा अंगठा घेतला. ती काय लिहिलं ते विचारायलासुद्धा थांबली नाही. ज्याचं अक्षर चांगलं तो खोटं कशाला लिहील असं तिला वाटलं असणार. अडाणी माणसाचा अक्षरावर केवढा विश्वास असतो, आणि त्या विश्वासाचं आम्ही चार इयत्ता शिकलेले काय करतो.

"मला पोलीस नको आता, पेपरवाला नको," दगडाबाई म्हणाली. "तू लिवलास, तूच बोल. तितं, मायकावर. त्यो म्होरं बसतो खुर्चीवर, त्याच्या तोंडावर. माझी लेक कशी मेली ते समद्यांच्या देखत देवाला सांग. येवढंच."

"देवाला ठाऊक हाय की, मावशी."

"देवाला हाय. ह्यांना कुटं हाय?"

तेव्हापासून ती ओळ माझ्या डोक्यात होती. सहा वेळा लिहिली आणि खोडली, सातव्यांदा फादरांकडं नेली. नेली कशाला? न विचारता वाचता आली असती. पण आमच्या रक्तातच ते आहे, बंडसुद्धा आधी साहेबांच्या टेबलावर सहीला ठेवायचं.

मांडवाखालून जाताना माणिकराव दिसला. पांढरा शर्ट, खिशात क्रूस दिसेल असा, हातात नारिंगी झेंडूची माळ. मिरवणुकीत संत योसेफावर छत्री धरायचा मान त्याचा. मूर्ती मात्र खांद्यावर घेणार त्याच्याच टोळीतले चौघं, कालपरवा कारखान्यावरून आलेले, अजून हातांना उसाचं कूस टोचलेलं. योसेफ सुताराच्या हातात करवत आहे, अंगावर भुशाचा एक कण नाही. असा स्वच्छ कामगार मी मराठवाड्यात कुठं पाहिला नाही. "बे आश्रुबा," माणिकराव ओरडला, "उद्या आवाज चांगला काढ. परळीहून पाहुणे यायलेत. आन आमच्या टोळीसाठी एखादी प्रार्थना टाक की. पोरं खूश होत्यात." मी म्हणालो, टाकलीय. "शाबास," तो म्हणाला, आणि माझ्या पाठीवर थाप मारली. थाप बसली त्या जागी बराच वेळ ऊब राहिली. मला त्या उबेची किळस आली, आणि तरी माझी पाठ थोडी सरळ झाली होती. कुत्रं असतं तर शेपूट हललं असतं.

लोकांना वाटेल, जुने फादर असते तर असं झालं नसतं. मंगळूरकडचे ते म्हातारे, पायात चपला घालूनच वेदीवर चढायचे, अठरा मिनिटांत मिस्सा उरकायचे आणि मग सगळ्यांना टेम्पोत घालून बीडला कलेक्टर ऑफिसवर न्यायचे. गायरानाच्या पट्ट्यांसाठी, रेशनसाठी. त्यांना उपासना म्हणजे मोर्चाआधीची हजेरी वाटायची. मी त्यांच्यावर जीव टाकायचो, भोंगा धरून पुढं असायचो. पण आज आठवतं ते वेगळंच. ते म्हणायचे 'कोण म्हणतंय देणार नाही', आणि आम्ही म्हणायचो 'घेतल्याशिवाय राहणार नाही'. त्यांनी भोंगा खाली ठेवला की आम्ही गप्प. एकदा ते भाषणाच्या मधे खोकल्यानं थांबले तर मागचे वीस जण सवयीनं ओरडले, 'राहणार नाही!' कशाला राहणार नाही ते कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांची बदली झाली त्या महिन्यात मोर्चा संपला. एक मोर्चेकरी मुकादम झाला. तोच हा माणिकराव. आता फेलिक्स फादर आलेत तर आम्ही स्तोत्रं म्हणतो, तितक्याच जोरात, तितक्याच बेफिकिरीनं. गळे तेच आहेत. कुणीतरी पुढचं म्हणावं, आम्ही मागचं म्हणू. उपासना की न्याय ह्या वादात शहरातले शिकलेले ख्रिस्ती मासिकांतून लेख लिहितात. मला त्यांना इथं आणून सतरंजीवर बसवायचंय. बाबांनो, आम्ही दोन्ही केलं आणि दोन्हींत आम्ही नव्हतोच.

घरी बायना भाकरी थापत होती. मिशनच्याच आवारातली दोन खोल्यांची जागा. तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि तव्यावरची भाकरी न उलटताच विचारलं, "पत्राचं इचारलं का?" आमची आरोही बारावी झाली, तिला मिशनच्या नर्सिंगला घालायचंय, त्यासाठी फादरांचं शिफारसपत्र लागतं. पत्र मीच लिहिलेलं, पंधरा दिवस त्यांच्या टेबलावर पडलेलं. आज कागद परत देताना ते स्वतःहूनच म्हणाले होते, "आरोहीचं पत्र लक्षात आहे माझ्या. उद्याचा सण नीट पार पडू दे, संध्याकाळी सही करतो." धमकी नव्हती ती. त्यांना धमकी देता येत नाही, तेवढे ते सभ्य आहेत. त्यांच्या मनात दोन गोष्टी एकमेकींशेजारी होत्या आणि त्या तशाच त्यांच्या तोंडून बाहेर आल्या. मी बायनाला दोन्ही गोष्टी सांगितल्या, पत्राची आणि ओळीची. भाकरी करपली.

"तुमाला कावून पडलंय?" ती म्हणाली. "मेलेली परत येती का? जित्या पोरीचं बगा."

"रजिस्टरात मी लिहिलंय, बायना."

"तुमी कारकून हाव. सांगितलं ते लिवलं. येशूला क्रुसावर चढवनाऱ्या पिलातानंबी पाटी लिवली व्हती त्या क्रुसावर, लोक म्हनले बदल, तर त्यानं बदलली न्हाई. तुमच्यापरीस त्यो बरा." एवढं बोलून ती गप्प झाली, कारण आपण कुणाच्या बाजूनं बोललो हे तिचं तिलाच कळेना. मला हसू आलं, तिलाही आलं. मग ती पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "माया माझ्याकडं तिखट मागायला यायची. वाटी परत द्यायची तर कवाच रिकामी न्हाई द्यायची." मी जेवायला बसलो. आरोही उंबऱ्यात पुस्तक घेऊन बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं आणि ऐकलं नसल्यासारखं पान उलटलं. तेवढं एक पान उलटणं मला सहन होईना. मी शिकवलं होतं तिला ते. न ऐकल्यासारखं करणं. अक्षर माझं तिनं घेतलं नाही, हे घेतलं.

सकाळी चर्च गच्च भरलं. पुढं पाहुण्यांच्या खुर्च्या, त्यांत मधे माणिकराव. मागं सतरंजीवर एकीकडं बाया, एकीकडं बाप्ये. दगडाबाई शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून. धूप अगदी हवा तेवढाच. फादरांच्या अंगावर पांढरा झगा, त्याला सोनेरी काठ. प्रवचन सुरेख झालं. संत योसेफ, म्हणाले, अख्ख्या शुभवर्तमानात एक शब्दही बोलत नाही, त्याचं मौन हीच त्याची प्रार्थना. परळीच्या पाहुण्यांनी माना डोलावल्या. मुकादमाला ह्याहून सोयीचा संत कुठं मिळणार? न बोलणारा, करवतीसकट तयार, खाडा न करणारा. मी माईककडं चालत गेलो. मला वाटत होतं की आता वीज पडणार. मी ती ओळ वाचणार, लोक दचकणार, कुणी उठणार, कुणी ओरडणार, फादर माईक बंद करणार, आणि मी उभा राहणार. रात्रभर मी स्वतःला तसा उभा बघितला होता. छाती पुढं. हुतात्म्याचं चित्र असतं तसा. आता लाज वाटते सांगायला.

पहिली मागणी पोपसाठी. 'हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक.' दुसरी राज्यकर्त्यांसाठी. 'हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक.' तिसरीला मी लाल अक्षरं सोडली आणि खालची ओळ वाचली. अंगात ताप असताना. मोळी वाहायला लावल्यानं. माया हिच्यासाठी. दवाखान्यात जाऊ न देणाऱ्याला. शब्द न शब्द, खणखणीत. आणि सगळं चर्च एका सुरात म्हणालं, 'हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक.'

काहीच झालं नाही. एक मूल रडलं, आईनं त्याला बिस्किट दिलं. पाहुण्यांतल्या एकानं घड्याळ बघितलं. माणिकरावानं सगळ्यांबरोबर उत्तर दिलं, डोळे मिटून, भक्तीनं. टोळीतली पोरं, ज्यांनी मायाला फळीवरून पडताना बघितलं होतं, तीही म्हणाली, ऐक. फक्त फादर फेलिक्सना ऐकू गेलं होतं. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. अख्ख्या चर्चमध्ये शब्द कानात घेणारा तो एकटा माणूस, आणि त्यालाच ते नको होते. बाकीच्यांना मी काय समजत होतो? घाबरलेले समजत होतो. ते घाबरलेले नव्हते. ते ऐकतच नव्हते. बावीस वर्षं ऐकत नव्हते, आणि ऐकू नये असं लिहायचं काम मी बावीस वर्षं मन लावून केलं होतं. आता चौथी मागणी वाचायची होती, आजाऱ्यांसाठी. मी वाचली नाही. कागदाकडं बघत राहिलो. माईकमधून माझा श्वास सगळीकडं ऐकू येत होता. लोक चुळबुळले. कुणीतरी पुढचं म्हटल्याशिवाय त्यांना मागचं म्हणता येईना.

मागून भिंतीपासून आवाज आला. "आश्रुबा, पुना वाच." दगडाबाई उठून उभी होती. "हळू वाच. ह्यांना ऐकू आलं न्हाई."

बाया वळून बघू लागल्या. फादर वेदीवरून हलक्या आवाजात म्हणाले, "आश्रुबा, पुढची प्रार्थना." त्यांनी हात जोडले होते, देवाकडं की माझ्याकडं ते कळेना. मला आरोही दिसली, बाईमाणसांत, तिसऱ्या रांगेत, मान वर करून बघत होती. संध्याकाळच्या सहीचा विचार माझ्या मनात आला, आला नाही असं म्हणणार नाही. मी कागद बाजूला ठेवला आणि लिहिलेल्या भाषेत नाही, आमच्या भाषेत बोललो.

"दगडाबाईची माया. तीन दिस अंगात ताप व्हता. माणिकराव मुकादमानं, ह्या इतं बसल्यात त्यांनी, दवाखान्यात जाऊ दिलं न्हाई. चौथ्या दिशी मोळीखाली मेली. आन मी, आश्रुबानं, चर्चच्या रजिस्टरात आजार लिवला. खोटं लिवलं. देवा, तू हे ऐकलंस का ते मला ठावं न्हाई. ह्यांनी ऐकावं म्हून प्रार्थना करतो."

ह्या खेपेला कुणी उत्तर दिलं नाही. दोनशे माणसं आणि एक शब्द नाही. टोळीतल्या पोरांनी माना खाली घातल्या. धुपाचा धूर सरळ वर जात होता. आणि त्या शांततेत एकच गळा सवयीनं सुरू झाला, जाड, भक्तीनं भरलेला, बोर्डिंगात माझ्याशेजारी बसून पाठ केलेला. "हे प्रभो, आमची..." माणिकराव म्हणाला, आणि थांबला. डोळे उघडले त्याचे. पुढचे दोन शब्द त्याच्या तोंडात अडकले, बाहेर येईनात, आत जाईनात. सगळं चर्च त्याच्या तोंडाकडं बघत होतं.

"पुरं कर की मुकादमा," दगडाबाई मागून म्हणाली. "थांबलास कावून?"